पोर्टोबेलो रोडवरील निळ्या-पांढऱ्या दौतींचे दुकान

लंडनच्या पोर्टोबेलो रोडवरील शनिवारच्या बाजारात 18 व्या शतकातील इंग्रजी पोर्सिलेनच्या (चिनी मातीच्या) निळ्या-पांढऱ्या दौती आणि शाई टिपण्याच्या भुकटीच्या डब्या विकणारे एक छोटे दुकान आहे. दुकानदारांची स्तुती करावी ती अशासाठी, की दौत कोणत्या कारखान्याची हे प्रकाशात पारखता यावे म्हणून ती हातात देताना ते स्वतःच विजेरी पुढे करतात. वूस्टर या इंग्रजी कारखान्याच्या मातीत शंखजिरे असल्याने तिच्यातून प्रकाश साधारणतः हिरवट झिरपतो, तर 1757 च्या सुमारास सुरू झालेल्या लोस्टॉफ्टच्या कारखान्यात हाडांची राख मिसळत असल्याने तो पिवळसर दिसतो. तळाच्या निळ्या चंद्रकोरीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, कारण वूस्टरची ती खूण लोस्टॉफ्टनेही उचलली होती. मी घेतलेल्या गोल दौतीच्या माथ्यावर मधोमध शाईचे तोंड आणि भोवती पिसाच्या लेखण्या खोचण्याची छिद्रे आहेत. एका छिद्राच्या काठाशी निळा रंग झिलईखाली किंचित ओघळलेला असून मला तोच भाग सर्वाधिक आवडतो. किमती मात्र अवाच्या सव्वा आहेत आणि टवका उडालेल्या नगावरही घासाघीस फारशी चालत नाही. जुन्या दुरुस्तीची नोंद पावतीवर लिहून मिळते, ही जमेची बाजू. पार्सलचे वेष्टन सुमार असल्याने वस्तू शक्यतो स्वतःच न्यावी.