छंदासाठी लेथ: ऑनलाइन की नागदेवी?

ऑनलाइन मिनी लेथ, म्हणजे धातू कातायचं छोटं यंत्र, स्वस्त दिसतो. पण चाळीसेक किलोचं खोकं लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर कोण नेणार? आणि कंट्रोल बोर्ड जळाला किंवा प्लॅस्टिकचा गिअर तुटला, तर सुटा भाग कोण देणार, हे पैसे भरण्याआधीच विचारा.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर, म्हणजे हत्यारं-यंत्रांच्या बाजारात, भाव चढा, घासाघीस आलीच. मात्र तिथे मशीन चालवून बघता येतं: स्पिंडलला (फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) डायल गेज हे मापक लावून रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो, ते तपासा, टेलस्टॉकचं (समोरच्या टोकाच्या आधाराचं) सेंटर स्पिंडलशी जुळतं का पाहा. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान. राजकोटचा जड लेथ दाखवला तर मोटर सिंगल फेज आहे ना, एवढं बघा; घरात थ्री फेज कुठली! चक (धातूचा तुकडा पकडणारा भाग), टूल बिट (कातणारं हत्यार) त्याच बाजारात मिळतात.

माझा कौल नागदेवीला. वॉरंटी मात्र पक्क्या बिलावर लिहून घ्या.