पाठ दुखावलेल्या कुत्र्यांसाठीचा दवाखाना: तपासणी चोख, फरशी गुळगुळीत

आमची सहा वर्षांची डॅशहाउंड चिंगी एका सकाळी मागचे पाय लटपटत, पंजे घासत चालू लागली. घराजवळच्या डॉक्टरांनी लचक भरल्याचे सांगून इंजेक्शन दिले, पण दुसऱ्या दिवशीही उतार पडेना, म्हणून तिला पुण्यातील मज्जासंस्थेचे विकार पाहणाऱ्या एका दवाखान्यात नेले.

तेथील डॉक्टरांची हाताने केलेली तपासणी पाहण्यासारखी होती. त्यांनी चिंगीला उभे धरून मागचा पंजा उलटा टेकवला. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो, चिंगीने मात्र डावा सावकाश वळवला आणि उजवा तसाच राहू दिला. चिमट्याने बोट दाबताच तिने पाय आखडून घेतला तेव्हा आम्हाला हायसे वाटले. परंतु ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते, संदेश मेंदूपर्यंत न जाताही पाय आखडतो, मान वळवली किंवा कण्हली तरच कळ जाणवली असे समजायचे, हे त्यांनी सांगितले. चिंगीने मान वळवली, वर गुरगुरलीही.

या आखूड पायांच्या जातीत मणक्यांमधील चकती तरुणपणीच कडक होते आणि सरकली की मज्जारज्जूवर दाब येतो. मज्जारज्जू एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी भूल देऊन एमआरआय करावा लागतो. पण पाय हलत असल्याने त्यांनी त्याचा आग्रह न धरता पिंजऱ्यात 4 आठवडे सक्त विश्रांती सांगितली आणि पाय लुळे पडल्यास त्याच दिवशी परत आणण्यास बजावले.

तक्रार आहे ती इतर व्यवस्थेबद्दल. पाठ दुखावलेले प्राणी जेथे येतात तेथील फरशी इतकी गुळगुळीत असावी, हे अजब आहे. चाळीस मिनिटे आम्ही चिंगीला मांडीवर धरून बसलो. कागदावर विश्रांतीविषयी एकच ओळ होती. पिंजरा केवढा असावा, शी-शूला कसे न्यावे, हे विचारल्यावरच मदतनीसाने एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घालून पाठ आडवी ठेवत उचलून दाखवले आणि पोटाखालून पंचा धरायला सांगितले.

पाचव्या आठवड्यात चिंगी स्वतःहून उठून पाण्याच्या भांड्यापर्यंत गेली. उजवा पंजा अजून अधूनमधून घासतो. पुढच्या तपासणीला जाताना घरची रबरी चटई बरोबर नेणार आहोत.