खातं फ्रीझ, वर धमकीचे फोन: सात महिने तक्रारी करून आलेला अनुभव

कोपरखैरण्यात घरूनच फराळाच्या ऑर्डर घेते. दिवाळीच्या तोंडावर एका अनोळखी नंबरवरून ऑर्डर आली, यूपीआयने ४,६०० रुपये जमा झाले, माणूस घरी येऊन डबे घेऊन गेला. आठवड्याने किराणावाल्याला पैसे द्यायला गेले तर पेमेंट फेल. ब्रांचला गेले तर म्हणे "सायबरचा होल्ड आहे मॅडम, आमच्या हातात काही नाही". कोणी लावला, का लावला, कोणी धड सांगेना. मुलीची फी, गॅस, बेसनाची उधारी सगळं त्याच खात्यावर आणि दिवाळी चार दिवसांवर.

मी आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला, पण तो नंबर ज्याचे पैसे फसवणुकीत गेलेत त्याच्यासाठी. तो तक्रार टाकतो आणि ते पैसे पुढे ज्या ज्या खात्यांत फिरले तिथे होल्ड लागतो, तुम्ही माल विकून घेतलेले असले तरी. त्यामुळे बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागायच्या: तक्रारीचा अ‍ॅकनॉलेजमेंट नंबर, कुठलं पोलीस ठाणं, आणि किती रकमेवर होल्ड. तोंडी विचारून मला पंधरा दिवस नुसतं फिरवलं, ईमेल केल्यावर तिसऱ्या दिवशी मिळालं. ठाणं निघालं परराज्यातलं. तिथल्या तपास अधिकाऱ्यांना ऑर्डरचे चॅट, स्टेटमेंट, बेसन-तेलाची बिलं सगळं मेल केलं. वकील मैत्रिणीने अर्जात बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १०६ लिहायला लावलं (१ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं कलम १०२), कारण त्यात जप्ती केली की मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं. त्यानंतरच उत्तर आलं.

बँकेने तर ४,६०० साठी अख्खं खातं अडकवलेलं. लेखी तक्रारीला ३० दिवस उत्तर नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, फी काही नाही, माहितीसाठी १४४४८ आहे. पोलिसांचा आदेश तिथे उठत नाही, बँकेच्या हलगर्जीपणाबद्दलच बोलायचं. तिसऱ्या महिन्यात बाकीचे पैसे मोकळे झाले, ४,६०० वरचा होल्ड सहाव्या महिन्यात निघाला.

पण खरी झोप उडवली ती फोनांनी. "आमचे पैसे तुझ्याकडे आलेत, या नंबरवर टाक, घर बघितलंय तुझं." आणि घर खरंच बघितलेलं, डबे इथूनच नेलेले! पैसे अजिबात टाकू नका, ज्याचे गेले त्याला ते पोचत नाहीत आणि तुमच्या खात्यावर आणखी एक संशयाची एंट्री पडते. जवळच्या चौकीत पहिल्या दिवशी "सायबरचं मॅटर आहे, तिकडे जा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना सोबत नेलं आणि अर्जात बँकेचा एक शब्द न लिहिता फक्त धमकी लिहिली, नंबर, तारखा, वेळा, कॉल लॉगचे प्रिंट. तेव्हा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली, कॉपी मागून घेतली मी. दोन तक्रारी एकत्र केल्या की दोन्हीकडून परत पाठवतात, हे माझं पक्कं मत झालंय. एका रात्री खाली कोणीतरी फ्लॅट नंबर विचारत होतं तेव्हा ११२ लावला, गाडी आली, त्या हवालदारांनी वर येऊन दाराची कडी बघितली, मुलीशी बोलले. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

फोन चौथ्या महिन्यानंतर थांबले. आता फराळाचा क्यूआर वेगळ्या खात्यावर आहे, घरखर्चाचे पैसे त्यात ठेवत नाही, आणि नवीन गिऱ्हाईकाला डबे घरून न देता सेक्टरच्या नाक्यावर नेऊन देते.