चाळिशीच्या कॉन्टॅक्ट लेन्स, सहा महिने वापरून सांगते

मी परभणीकडची, शाळेत शिकवते, वय ४७. नंबर कॉलेजपासूनच मायनस ३.२५ आणि लग्नाच्याही आधीपासून लेन्स वापरते, त्यामुळं लेन्सची मला सवय आहे. पण दोनतीन वर्षांपासून हजेरीपटावरची नावंच दिसेनात, औषधाच्या पट्टीवरची तारीख तर लेकीकडून वाचून घ्यायची. मायनसवाल्यांना चष्मा काढला की जवळचं लख्ख दिसतं, पण लेन्स काय भर वर्गात काढून ठेवता येतात का? डोळ्यातलं भिंग वयानं कडक होतं, जवळ बघताना फुगायला पाहिजे ते फुगत नाही, आणि हे सगळ्यांनाच होतं, गाजरं खाऊन जात नाही.

पहिला अनुभव लई वाईट. एका दुकानात नुसता चष्म्याचा कागद बघून मल्टिफोकल लेन्स, म्हणजे एकाच लेन्समधे लांबचा न्‌ जवळचा दोन्ही नंबर असलेल्या, मागवल्या न्‌ हातात दिल्या, ट्रायल नाही काही नाही. फळाही धूसर न्‌ वहीपण धूसर, पैसे गेले ते गेले.

मग मैत्रिणीनं सांगितलं म्हणून रेल्वेनं संभाजीनगरला गेले. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्याचा नंबर तपासणाऱ्या, ताईंनी आधी दोन्ही तळहातांचं भोक करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं, मग एकेक डोळा झाकायचा, ज्यानं घड्याळ दिसत राहतं तो डोळा लांबचं बघण्यात पुढं असतो, माझा उजवा निघाला. त्यांनी दिलेल्या लेन्समधे मधोमध जवळचा नंबर न्‌ कडेला लांबचा, दोन्ही चित्रं एकदमच डोळ्यात जातात आणि कोणतं बघायचं ते मेंदू शिकतो. म्हणून पहिले आठ दिवस अक्षराला सावली दिसते, घाबरू नका. दोन्ही डोळ्यांना मीडियम, म्हणजे जवळच्या नंबराची मधली ताकद, दिल्यावर मला फळा पुसट वाटला, ट्रायलवर होते म्हणून परत गेले, त्यांनी उजव्याला लो केला न्‌ डाव्याला मीडियमच ठेवला, आणि तिथंच जमलं. आता फळ्यावरून वहीकडं बघितलं तरी डोळ्याला ताण नाही. एका डोळ्याला लांबचा न्‌ एकाला जवळचा असंपण करून बघितलं होतं, पण जिन्यावर पायरीचा अंदाज येईना, ते सोडलं.

कमी काय आहे तेपण सांगते. संध्याकाळी तांदूळ निवडायला बसले की पांढरा खडा न्‌ तांदूळ सारखाच दिसतो. अंधारात बाहुली मोठी होते, मग मधल्या जवळच्या भागाचा वाटा कमी पडतो, त्यामुळं लाईट गेली की वाचणं बंदच. सुईत दोरा ओवायला वरून हलका रीडिंग चष्मा लावते. रात्री गंगाखेड रोडला समोरून ट्रक आला की दिव्याभोवती मोठं कडं दिसतं, स्कूटी मी आता दिवसाच काढते, रात्री कोणी सोबत असेल तर मागं बसते.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! कूलरच्या झोतासमोर बसलं की दुपारपर्यंत डोळे खरखरतात, चाळिशीनंतर पाणी तसंही कमी होतं डोळ्यातलं, लेन्सवर चालतात तेच थेंब घ्या. टँकरच्या न्‌ बोअरच्या पाण्यात लेन्स कधीच धुवायची नाही, पाण्यात अकँथामीबा नावाचा जीव असतो, तो बुबुळ खाऊन टाकतो. साबणानं हात धुवायचे, कोरडे करायचे, मगच लेन्सला हात. घालून झोपायचं नाही, पाच मिनिटं आडवं व्हायचं म्हणलं तरी.

खर्च मला साध्या लेन्सच्या दुपटीच्या वर पडला. माझ्या लेन्सच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बॉश अँड लॉम्ब, अल्कॉन, कूपरव्हिजन, सगळ्यांच्या मल्टिफोकल येतात, पण मला बसली ती तुम्हाला बसेलच असं नाही. ट्रायल देत नसतील तर त्या दुकानातून उठा. ट्रायलला जाताना आपली रोजची वही, शिवणकाम, मोबाईल, जे काम असेल ते सोबत न्या. डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं मला पहिल्याच दिवशी दिसली होती, हजेरीपट मात्र दुसऱ्या खेपेला वाचता आला.