छागल की थर्मास, घोंगडी की स्लीपिंग बॅग: ट्रंकेतलं काय न्यायचं, काय घरी ठेवायचं

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावरून बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली. बाबांची नोकरी सर्व्हेची. वर्षातले कितीतरी महिने ते पेंच नदीच्या आसपास तंबूत राहायचे. ट्रंकेत छागल म्हणजे पाणी गार ठेवणारी कॅनव्हासची पिशवी, काळी घोंगडी, लोहाराकडून घडवून घेतलेला चाकू आणि तीन सेलची पितळी बॅटरी होती. मीही वीस वर्षं रानात हिंडते आहे, त्यामुळे यातल्या प्रत्येकाचा नवा अवतार माझ्याकडे होताच. गेली तीन वर्षं मी जुनं आणि नवं आलटूनपालटून नेलं. तुमच्याही घरी अशी ट्रंक असेल आणि आता बॅग भरायला बसला असाल, तर माझा हा अनुभव उपयोगी पडावा.

आधी पाणी, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात सगळं पाण्यावरच येऊन थांबतं. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरचे प्राणी बघायला मचाणावर बसायचं म्हणजे दुपारी उन्हात चढायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायचं. छागल कशी चालते हे नागपूरकराला समजावून सांगायला नको, आपला डेझर्ट कूलर तसाच चालतो. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हिशेबाने ५ लिटरमधलं १०० मिली पाणी उडालं, तर उरलेलं ११ ते १२ अंशांनी उतरू शकतं. प्रत्यक्षात बाहेरची झळ लागत राहते, म्हणून थोडं जास्त पाणी खर्ची पडतं. तरी दुपारी चार वाजता मोहाच्या सावलीत टांगलेल्या छागलीतलं पाणी घशाला माठासारखं लागतं, आणि तेव्हा नळाखाली भरलेल्या साध्या बाटलीतलं पाणी चहाला चढवल्यासारखं झालेलं असतं.

स्टीलची थर्मास बाटली पाणी गार करत नाही, गार भरलेलं तसंच राखते. घरून बर्फ घालून निघालात तर रात्रीपर्यंत ती छागलीच्या कितीतरी पुढे असते. पण ती रिकामी झाली आणि तुम्ही हातपंपावर भरलीत, तर हातपंपाचं पाणी जसं असेल तसंच प्यायला मिळतं. शिवाय एक लिटरच्या बाटलीचंच वजन चारशे-पाचशे ग्रॅम भरतं. पाच लिटर न्यायचं म्हटलं तर नुसतं स्टीलच दोन-अडीच किलो होतं. छागल रिकामी झाली की घडी घालून पिशवीच्या तळाशी टाकता येते.

छागलीचे दोष सरळ सांगते. ती पाणी खाते. जिथे थेंब मोजून प्यायचा आहे तिथे ती नको. जुलै-ऑगस्टात कूलरसारखीच तीही हात टेकते, नुसती ओली पिशवी होऊन बसते. नवीन छागल पहिले दोन-तीन दिवस चाळणीसारखी गळते. ती बादलीत बुडवून ठेवावी लागते, म्हणजे धागे फुगून भोकं बुजतात. पाण्याला सुरुवातीला ताडपत्रीसारखा वासही येतो. मुक्कामाहून परतलं की उलटी टांगून कडकडीत वाळवायची, नाहीतर बुरशी धरते. माझा कौल असा: मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, झाड किंवा जीप जवळ असेल तर छागल. पायी लांबचा पल्ला असेल किंवा पावसाळी फिरणं असेल तर बाटली. मचाणावर मी दोन्ही नेते. छागलीचा आणखी एक गुण तिथेच कळतो. लाकडावर आपटून ती वाजत नाही. पाणवठ्यावर सांबर आलेलं असताना स्टीलची बाटली फळीला लागली, तेव्हा जे झालं ते मी एकदा पाहिलं आहे. रात्रभर परत काही आलं नाही.

घोंगडीची गोष्ट जरा अवघड आहे, कारण इथे जीव गुंततो. बाबांच्या घोंगडीला एका कोपऱ्यात रुपयाएवढं करपलेलं वर्तुळ आहे, शेकोटीतला निखारा उडाला होता त्याचं. वर्तुळाच्या कडेची लोकर कडक होऊन काळी झाली आहे, पण भोक पडलेलं नाही. लोकर सहजासहजी पेटत नाही, करपते आणि विझते. माझ्या स्लीपिंग बॅगवर तशीच एक ठिणगी पडली तर नायलॉन वितळून बोट जाईल एवढं भोक पडलं आणि आतला कापूस रात्रभर भुरभुरत राहिला. दवाने ओली झाली तरी घोंगडी ऊब देते, कारण लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा दमटपणा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. चिंचोक्याची खळ दिलेली असल्यामुळे जमिनीवर अंथरली तरी ती ताठ बसते आणि खालून खडा टोचत नाही.

पण ऊब आणि वजन यांचा हिशेब मांडला तर स्लीपिंग बॅग जिंकते, आणि स्पष्ट फरकाने जिंकते. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे. खाली नागपुरातच २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, मग वरच्या मोकळ्या पठाराचा विचार करा. तिथे एकट्या घोंगडीवर भागत नाही, मी एक रात्र तशी काढली आहे आणि पहाटे तीनपासून सूर्याची वाट बघत बसले होते. बॅग घेताना लेबलवर तापमानाचे दोन आकडे असतात, ‘कम्फर्ट’ म्हणजे आरामात झोप लागते तो आणि ‘लिमिट’ म्हणजे जेमतेम निभावतं तो. दुकानदार बहुधा दुसरा सांगतो, तुम्ही पहिला बघा. आता मी बॅग आत आणि घोंगडी खाली अंथरते. गाडीने जाणार असाल तर हे करून बघाच. पाठीवर वाहायचं असेल तर घोंगडी घरी ठेवा, तेवढ्या वजनात दोन दिवसांचा शिधा मावतो.

चाकू. बाबांचा ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेला, मूठ धावड्याची, कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरतात तीच. साधं पोलाद असल्यामुळे नदीकाठच्या गुळगुळीत दगडावर दहा मिनिटं घासला की पुन्हा कांद्याचा पापुद्रा काढतो. कैरी कापली की पातं लगेच काळवंडतं आणि पुसून तेलाचा हात दिला नाही तर रात्रीत गंज धरतो. नव्या घडीच्या चाकूचं पातं स्टेनलेस आहे, महिनाभर विसरलं तरी तसंच राहतं, पण धार गेली की नदीच्या दगडाला ते दाद देत नाही आणि बिजागरीत रेती शिरली की उघडताना करकरतं. हातात बसतो तो बाबांचा. तरी जंगलात मी तो नेत नाही. एकदा नवेगाव खैरीजवळ कमरेएवढ्या गवतात तो पडला होता. सापडेपर्यंत दीड तास गेला आणि त्या दीड तासात माझ्या हातापायांतलं बळ गेलं होतं. तसाच हवा असेल तर इतवारीतल्या लोहा ओळीत विचारा किंवा गावच्या लोहाराकडून कमानपाट्याचा करून घ्या. हरवला तर हळहळ वाटेल, पण झोप उडणार नाही.

आणि अभयारण्यात कुठलाच चाकू नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो, तिथे शस्त्र घेऊन शिरायला परवानगी लागते. आग लावायलाही त्याच कायद्याने मनाई आहे. म्हणून लायटर की चकमक हा प्रश्न मी इथे घेतलेलाच नाही. मोहफुलं वेचायच्या दिवसांत एका ठिणगीने पानगळीचं रान कसं धुमसतं, ते आपल्या भागात कुणालाही विचारा.

बॅटरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हेडलॅम्प घ्या, लाल उजेडाचा. दोन्ही हात मोकळे राहतात. पितळी बॅटरी चिंचेने घासून मी शोकेसमध्ये ठेवली आहे, सेल काढून. सेल आत राहिले तर ते पाझरतात आणि पितळ आतून खातात.

नेऊ की ठेवू यात तुम्ही अडकला असाल, तर मला ज्या प्रश्नाने वाट दिसली तो सांगते: ही वस्तू वापरून संपते की ठेवून? पितळी बॅटरी ठेवली तर आमच्या नातवंडांपर्यंत टिकेल. चाकू वापरला तर हरवेल. पण घोंगडी ट्रंकेत ठेवली तर तिला कसर लागते, आणि छागल कोरडी पडून राहिली की घडीवर चिरते. बाबांची छागल निघाली तेव्हा तळाच्या घडीवर वीतभर उसवलेली होती. त्याच्या शेजारी आईने कधीकाळी काळ्या दोऱ्याने घातलेले टाके होते, जवळजवळ, एकसारखे, अजून घट्ट.

उसवलेला भाग मी लाल सुती दोऱ्याने शिवला. नायलॉनचा दोरा मजबूत असतो, पण पाण्याने फुगत नाही, म्हणून सुईची भोकं गळत राहतात. शिवून झाल्यावर छागल न्हाणीत बादलीत बुडवून ठेवली. पहिल्या दिवशी आईच्या टाक्यांतून एक थेंब आला नाही, माझ्यातून धार लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या गजाला टांगली, खाली वाटी ठेवली आणि संध्याकाळी येऊन पाहिलं तर वाटी कोरडी होती आणि पाणी गार.