पाणथर फोडायचा: पंप लावावा की माती कोसळवावी?

फोंड्याचा माझा मावसभाऊ ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या बुटक्यांकडून जमिनीखाली किल्ला खणून घेण्याच्या संगणकीय खेळात भारी पाणथरावर, म्हणजे खणताच जोरानं पाणी सोडणाऱ्या थरावर, अडलाय. पंप की कोसळ, त्याचं ठरत नाही. थर हलका असेल तर दोन्ही नकोत: पाणी हळू झिरपतं, जिना खणत बाजूंना भिंती बांधत जा.

सामान: पंपाला ठोकळा, नळी आणि मोठा मळसूत्री दांडा लागतो. तिन्ही लाकडाचे चालतात, पण सुतार हवा. कोसळीला एक खांब, एक कळ आणि ती खांबाला जोडायला दोन यंत्रभाग पुरतात.

मेहनत: पंप थांबला की खड्डा लगेच भरतो. आपल्याकडे पावसाळ्यात विहीर उपसताना होतं तसंच. म्हणून उपसा चालू असतानाच भिंती उभ्या राहायला हव्यात. कोसळीत वरच्या थरातला किमान तीन बाय तीन चौकोनांचा नैसर्गिक मातीचा तुकडा चारी बाजूंनी मोकळा करून फक्त खांबाच्या आधारावर ठेवायचा, मग कळ ओढून खांब काढायचा आणि तुकडा खाली पाडायचा. पडलेल्या मातीतून पाणी येत नाही, तिच्या मधल्या चौकोनातून जिना उतरतो. कळ ओढताना बुटके लांब ठेव, धुळीनं ते बेशुद्ध पडतात.

एकच थर असेल तर कोसळ, डोळे मिटून. थर वाढले की घेरही वाढवावा लागतो. तिथे, माणसं पुरेशी असतील तर, पंपच बरा.