काळे न पडणाऱ्या इंजिन ऑइलने केलेली फसवणूक

कोथरूडहून शिवाजीनगरला रोज गाडीने जाताना, सिग्नलवर थांबत थांबत, माझे इंजिन पुरते तापतसुद्धा नाही. अशा छोट्या फेऱ्यांत पाण्याची वाफ आणि न जळलेले थोडे पेट्रोल तेलात उतरते व गाळ लवकर साचतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. घराजवळच्या गॅरेजवाल्याने डिपस्टिक (इंजिनातले तेल मोजायची पट्टी) पांढऱ्या फडक्यावर पुसून दाखवली आणि म्हणाला, "बघा साहेब, तीन हजार किलोमीटर झाले तरी मधासारखं आहे. याला म्हणतात ऑइल!" मी विश्वास ठेवला आणि पुढच्या वेळीही तेच तेल भरले.

वर्षभरात ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागू लागला. दुसऱ्या मेकॅनिकने वरचे कव्हर उघडले, तेव्हा आत काळपट चिकट थर होता आणि स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यावर तो लोण्यासारखा वर आला. खाली चेंबरमधील तेल गाळणारी जाळी निम्मीअधिक बुजली होती. दुरुस्तीला १८,५०० रुपये लागले.

त्या मेकॅनिकने समजावले ते प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असावे. इंजिन ऑइलमध्ये बहुतांश भाग बेस ऑइलचा, म्हणजे मूळ तेलाचा असतो आणि उरलेला त्यात मिसळलेल्या रसायनांचा. जुन्या पद्धतीने शुद्ध केलेल्या ग्रुप १ बेस ऑइलमध्ये गंधक व अस्थिर घटक जास्त राहतात, त्यामुळे उष्णतेने ते लवकर बिघडते. हायड्रोजन-प्रक्रियेने तयार होणाऱ्या ग्रुप २ आणि ३ मध्ये गंधक ०.०३ टक्क्यांहून अधिक नसते. परंतु चांगले बेस ऑइलसुद्धा एकटे पुरत नाही. या रसायनांपैकी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमयुक्त डिटर्जंट आम्ल मारतात व पिस्टनवर थर बसू देत नाहीत, तर डिस्पर्संट काजळीचे कण वेगवेगळे धरून तेलातच तरंगत ठेवतात, म्हणजे तेल बदलताना ती घाण बाहेर जाते. म्हणूनच चांगले तेल वापरात काळे पडते. माझे तेल स्वच्छ दिसत होते, कारण घाण त्यात न राहता इंजिनाच्या भिंतींवर बसत होती.

बिल मागायला मी जुन्या गॅरेजमध्ये गेलो, तेव्हा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक मुलगा पिंपातले सुटे तेल नरसाळ्याने नामांकित कंपनीच्या डब्यांत भरत होता. बिल मिळाले नाही, आणि त्यामुळे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना माझ्या हाती कागदोपत्री काहीच नव्हते.

आपण सील स्वतः तोडावे, बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा. माझे दोन्ही वेळचे रिकामे डबे मी त्याच गॅरेजमध्ये सोडून आलो होतो.